मीम, रा, ता

वादळ ओसरलं की दोन-तीन दिवसांनी
अमरीतच्या किनाऱ्यावरची पोरं दुकानात येतात.
मुठीत वाळू, वाळूत काहीतरी हिरवं.
बाबा घड्याळं दुरुस्त करतात, पाटीवर तसंच लिहिलंय.
पोरांना पाटी वाचता येते. तरी येतात.

बहुतेक वेळा ते बाटलीचं झाकण असतं.
एकदा फ्रेंच जाकिटाचं बटण निघालं, नांगर कोरलेलं.
बाबांनी तेही वहीत लिहिलं:
बटण, पितळ, अठरा मिलिमीटर, आणणारा हैसम.

खरं नाणं असलं तर घाई नाही.
आधी बॅटरीच्या पाण्यात महिनाभर,
मग जर्दाळूच्या रिकाम्या बरणीत, ऑलिव्हच्या तेलात बुडून.
मग काटा. सुई नको, सुई स्वतःच्या मनचं कोरते.
गुलाबाचा काटा आहे तेवढंच उकरतो.
गच्चीवरचं ते झाड आईनं लावलेलं,
आता बाबा त्याची फुलं तोडत नाहीत, काटे तोडतात.

पिठासारखी फिकट पूड दिसली
की ते नाणं मागच्या खोलीत, एकटं.
तांब्याचा हा रोग शेजाऱ्याला लागतो, म्हणतात.
शेवटच्या हिवाळ्यात आईही मागच्या खोलीत होती.
हे मी बोलत नाही. वाटी धुऊन ठेवते.

वजनाचा काटा सर्किस सोनाराचा, उसना, अकरा वर्षं.
आणि तिसरा काटा भिंतीवर:
डोकं बारावर धरून नाणं उलटायचं
आणि मागच्या बाजूला किती वाजलेत ते बघायचं.
साचा ठोकणारा दमला असेल तर अकरा.
यात बाबांना अख्ख्या तर्तूसमध्ये जोड नाही.

पोरांना ते बंदरं पाठ करायला लावतात.
खजुराचं झाड? सूर.
बैलावर बसलेली मुलगी? सैदा.
जहाजाचं नाक?
समोर पाण्यात दिसतंय ते अरवाद, गाढवांनो.

या मार्चमध्ये आलेल्या नाण्यावर
डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई आहे,
नाक झिजलेलं, हनुवटी शाबूत.
मागे खांबाला कोपर टेकून कुणी उभा,
आणि रेघा. आडवी म्हणजे दहा, उभी म्हणजे एक.
चौथी उभी रेघ आहे की नुसता ओरखडा,
यात एक आठवडा गेला, तीन गिऱ्हाइकं गेली.

बैरूतहून पातळ हातमोजेवाला माणूस आला,
कितीला, म्हणाला.
बाबांनी त्याला घड्याळाचा पट्टा विकला.

दर वसंतात नाणी संग्रहालयात जातात,
कारकून पावती देतो, खोलीला कुलूप घालतो.
यंदाही गेली. हे एक गेलं नाही.

काठाशी तीन अक्षरं आहेत त्यावर,
उजवीकडून डावीकडे, आपल्यासारखीच:
मीम, रा, ता.
कोरणाऱ्यानं स्वर लिहिले नाहीत,
ते वाचणाऱ्याच्या तोंडात असतात असं धरून चालला.
आता ती तोंडं कुठली!
पुस्तकात दिलंय, हे शहराचं नाव.
शहराच्या जागी खडकात कोरलेलं तळं उरलंय, लव्हाळी, बेडूक.

पण आमच्या बोलीतही तीच तीन येतात.
मर्रत म्हणजे ती येऊन गेली.
मर्त म्हणजे बायको, पण नुसती नाही म्हणता येत,
पुढे कुणाचं तरी नाव लागतंच.
आमच्या गल्लीत आईला कुणी अफीफे म्हटलेलं आठवत नाही.
भाजीवाला, पाद्री, वरच्या मजल्यावरच्या बायका,
सगळ्यांची ती मर्त वदीअ.

वहीत या नाण्याची ओळ अशी आहे:
कांसं, वीस मिलिमीटर, सहा पूर्णांक चार ग्रॅम, बारा वाजता.
वाचन हा रकाना कोरा.
पेन्सिल तिथे टेकवून उचलल्याचे ठिपके दिसतात, बरेच.

काल हैसम विचारून गेला,
माझं नाव घातलं का.
घातलंय म्हटलं.